मे महिना डोळ्यांसमोर ठेवून कुंडी निवडावी

खेड्यात जागेला तोटा नसताना झाडे कुंडीत कशाला लावायची, असा प्रश्न मला गावात अनेकदा विचारला जातो आणि तो गैर नाही. पण ज्या घराच्या अंगणात मुरूम ठोकून बसवलेला आहे, परसातली काळी माती पावसाळ्यात घोटाभर चिखल होते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, शेजारची बकरी कुंपणाला जुमानत नाही आणि वैशाखात वापरायचे पाणीही मोजून भरावे लागते, त्या घरी वीस लिटर माती पूर्णपणे स्वतःच्या ताब्यात असणे ही मोठी सोय असते. त्या मातीत काय मिसळायचे हे आपण ठरवतो, तिला किती पाणी गेले हे आपल्याला ठाऊक असते आणि ऊन वाढले की ती उचलून निंबाच्या सावलीत नेता येते.

कुंड्यांविषयी जे लिहिलेले वाचायला मिळते ते बहुधा शहरातल्या गच्ची-गॅलरीतल्या अनुभवावरून आलेले असते आणि त्यात आपला मे महिना नसतो. विदर्भात पारा ४५ अंशांच्या वर जातो, २५ मेपासूनच्या नवतप्यात तर दुपारी अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत तीच कुंडी मृगाच्या पावसात भिजत उभी असते. म्हणून कुंडी घेताना तिचा रंग, आकार किंवा त्यात लावायचे झाड यांचा विचार नंतर करावा आणि आधी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत: मे महिन्यात या कुंडीला दिवसातून किती वेळा पाणी घालणे मला जमणार आहे, आणि ते पाणी कुठले आहे?

दुसरा प्रश्न काहींना चमत्कारिक वाटेल. माझे घर दर्यापूर तालुक्यात, म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे, आणि बोअरचे पाणी कुंडीला घालणे म्हणजे रोज थोडे मीठ घालणे होय. समजा लिटरमागे दोन ग्रॅम क्षार आहेत आणि आपण एका कुंडीला रोज दोन लिटर पाणी घालतो, तर महिन्याभरात त्या एवढ्याशा मातीत १२० ग्रॅम क्षार जातात. शेतात ते पसरतात, पावसाने खाली उतरतात. कुंडीत मात्र ते छिद्रातून वाहून गेले नाहीत तर तिथेच साचतात. याउलट माझी बहीण साकोलीकडे, भंडारा जिल्ह्यात राहते. तिच्या विहिरीचे पाणी गोड आहे आणि पाऊसही आमच्यापेक्षा बराच जास्त पडतो, त्यामुळे तिची तक्रार पाणी कमी पडल्याची नसून कुंडीत पाणी साचून मुळे कुजल्याची असते. आम्हा दोघांना एकच कुंडी सोयीची पडणार नाही, हे समजायला मला तीन-चार वर्षे लागली.

मातीच्या कुंडीपासून सुरुवात करू, कारण तिच्याविषयी समज आणि गैरसमज दोन्ही जास्त आहेत. भाजलेल्या मातीच्या भिंतीला बारीक छिद्रे असतात, त्यांतून पाणी पाझरून बाहेर येते आणि वाळताना भिंतीतली उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते त्याच कारणाने या कुंडीतली मुळेही गार राहतात, आणि पावसाळ्यात जास्तीचे पाणी भिंतीतूनही वाळत असल्यामुळे मुळांना हवा मिळते. पण गारवा फुकट मिळत नाही. माझ्या अंगणात बारा इंची मातीच्या कुंडीतल्या मिरचीला मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ मिळून तीन लिटर पाणी लागते, तर तेवढ्याच मापाच्या, सावलीत ठेवलेल्या प्लास्टिकच्या कुंडीला दोन लिटर पुरते. एक लिटरचा हा फरक चार कुंड्यांना जाणवत नाही, चाळीस कुंड्यांना मात्र रोज चाळीस लिटर, म्हणजे दोन मोठ्या बादल्या होतात आणि पाण्याचा टँकर येणाऱ्या गावात त्या दोन बादल्यांवरून घरात बोलणी खावी लागतात.

खाऱ्या पाण्याच्या भागात मातीच्या कुंडीचा आणखी एक दोष दिसतो. दोन उन्हाळे झाले की तिच्या बाहेरच्या अंगावर, विशेषतः काठापासून चार बोटे खाली, पांढरा पापुद्रा धरतो. तो नखाने खरवडून जिभेला लावला तर खारट लागतो. पाणी वाळून गेले आणि क्षार भिंतीत राहिले, एवढाच त्याचा अर्थ आहे. भिंतीला लागून असलेल्या मुळांची टोके अशा कुंडीत तांबूस होऊन मरतात, आणि कालांतराने कुंडीचा काठही भुसभुशीत होऊन पापुद्र्यांनी सुटू लागतो. म्हणून खारपाणपट्ट्यातल्या वाचकांना माझा सल्ला असा आहे की, मातीची कुंडी पावसाचे साठवलेले किंवा नळयोजनेचे गोड पाणी मिळत असेल तरच घ्यावी, आणि बोअरच्याच पाण्यावर भागवायचे असेल तर न पाझरणारी, बुडाला भरपूर छिद्रे असलेली कुंडी घ्यावी. पहिले दोन-तीन मोठे पाऊस सगळ्या कुंड्या उघड्यावर ठेवून त्यांच्यावर मनसोक्त पडू द्यावेत. पावसाच्या गोड पाण्याने मातीतले क्षार खालून धुऊन निघतात आणि वर्षभराचा बराचसा हिशेब तिथेच फिटतो.

मातीची कुंडी कुंभाराकडून घेताना ती बोटाच्या पेराने वाजवून पाहावी. नीट भाजलेली कुंडी खणखणीत वाजते; कच्ची राहिलेली किंवा तडा गेलेली कुंडी भद्द आवाज देते आणि एका पावसाळ्यात तिचे बूड मऊ पडते. रंगाकडे पाहून फसू नये, कारण गेरू फासून लाल केलेली कुंडी चांगल्या भाजणीची असेलच असे नाही. भद्रावतीसारख्या मातीकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाच्या आसपास राहणाऱ्यांना चांगली निवड मिळते, इतरांनी आपल्या आठवडी बाजारातल्या कुंभाराला बुडाला एकाऐवजी तीन छिद्रे ठेवून कुंड्या करायला सांगावे. माती ओली असताना सांगितले तर तो ते आनंदाने करतो, भाजल्यानंतर घरी खिळ्याने छिद्र पाडायला गेलो तर दहातल्या तीन कुंड्या फुटतात.

आता प्लास्टिक. त्याची निंदा करणारे पुष्कळ आहेत, पण हलकेपणा, टिकाऊपणा आणि पाण्याची बचत या तिन्ही बाबतींत ते खरोखर उपयोगी आहे. त्याचा दोष उन्हात आहे आणि तो बाहेरून दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी पश्चिमेच्या भिंतीलगत ठेवलेले वांग्याचे एक झाड मे महिन्यात मलूल पडले. पाणी होते, कीड नव्हती. शेवटी कुंडी उलटी करून मातीचा गोळा बाहेर काढला तेव्हा गोळ्याच्या पूर्वेकडच्या अंगावर पांढऱ्या मुळांची दाट जाळी होती आणि पश्चिमेकडच्या अंगावर तीच मुळे तपकिरी, चिपाडासारखी वाळलेली होती. दुपारचे तिरपे ऊन रोज चार तास त्या एकाच बाजूवर पडत होते. मुळांभोवतीची माती चाळीस अंशांच्या आसपास गेली की बहुतेक भाजीपाल्याच्या मुळांची वाढ थांबते, आणि काळ्या प्लास्टिकची उन्हाकडची बाजू त्याच्याही पुढे सहज जाते. त्यामुळे प्लास्टिकची कुंडी घ्यायचीच तर काळी टाळावी, फिकट रंगाची आणि जाड भिंतीची घ्यावी, काठ दोन बोटांत दाबून पाहिला असता तो कागदासारखा लवू नये. शिवाय तिला दुपारनंतर ऊन लागणार नाही अशी जागा द्यावी, किंवा पश्चिमेच्या अंगाला ओला बारदाना गुंडाळावा.

माझी स्वतःची आवडती रीत याहून थोडी वेगळी आहे. बुरुडाकडून घेतलेल्या मोठ्या बांबूच्या टोपल्यात प्लास्टिकची कुंडी ठेवायची आणि मधल्या चार बोटांच्या फटीत धानाचे तूस किंवा वाळलेले गवत भरायचे. प्लास्टिक पाणी धरते, टोपले ऊन अडवते. टोपले दोन पावसाळ्यांत कुजते, पण तोवर त्याने आपले काम केलेले असते आणि ते शेणखताच्या उकिरड्यात जाते. नुसत्या टोपल्यात माती भरून झाड लावणे मात्र एका हंगामापुरतेच ठीक आहे.

ग्रो बॅगांचा अनुभव मी पैसे देऊन घेतला आहे. बाजारात स्वस्त मिळाल्या म्हणून वीस पिशव्या आणल्या, त्यांत मिरची आणि टमाटर लावले, पहिले वर्ष छान गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात एक पिशवी सावलीत सरकवावी म्हणून तिचा कान धरला, तर तो हातात आला. मागोमाग बाजूही पापडासारखी चुरली आणि माती पायावर आली. विकणाऱ्याने ती उन्हात टिकणारी असल्याचे सांगितले होते. तेव्हापासून मी दोन गोष्टी पाहतो. पिशवीवर जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, हे छापलेले असावे आणि ते निदान दोनशेच्या पुढे असावे. आणि ती अतिनील किरणांना टिकण्यासाठी प्रक्रिया केलेली, म्हणजेच यूव्ही स्टॅबिलाइज्ड आहे असे तिच्यावर लिहिलेले असावे. नुसत्या तोंडी आश्वासनावर घेऊ नये. युरियाचे रिकामे पोते स्वच्छ धुऊन, तोंड अर्ध्यापर्यंत दुमडून वापरले तर साधारण तीस लिटर माती मावते आणि एका हंगामाची हळद त्यात उत्तम येते, कारण काढणीच्या वेळी पोते सरळ कापून टाकता येते. त्यापेक्षा जास्त अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. जाड कापडासारख्या जिओफॅब्रिकच्या पिशव्यांत मुळे कडेला येऊन हवेने थांबतात, गुंडाळत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण आहे. पण त्या चारही बाजूंनी वाळतात, म्हणून पश्चिम विदर्भातल्या उन्हाळ्यात त्यांच्यापासून मी दूर राहतो. साकोलीकडच्या बहिणीला मात्र त्याच पिशव्या पावसाळ्यात सर्वांत सोयीच्या वाटतात.

सिमेंटच्या कुंड्या जड असतात आणि वानरांचा त्रास असलेल्या गावात तो जडपणाच त्यांचा गुण ठरतो. हलकी कुंडी वानर बसता बसता आडवी करते. परंतु नव्या सिमेंटमधून चुना सुटतो. आपली काळी माती मुळातच चुनखडीची, विम्लधर्मी म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची असते, त्यात ही भर पडली की लिंबू, मोगरा, गुलाब यांची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, म्हणजे झाडाला लोह मिळत नाही. त्यासाठी नवी सिमेंटची कुंडी पाण्याने काठोकाठ भरून ठेवावी आणि आठ-दहा दिवस ते पाणी बदलत राहावे. याच संदर्भात तुळशी वृंदावनाकडेही एकदा पाहावे. गावोगावी दारातल्या तयार वृंदावनांना बुडाला छिद्रच नसते, वरून रोज भक्तिभावाने तांब्याभर पाणी पडते, आणि श्रावणात तुळस काळी पडली की घरात काहीतरी विटाळ झाला असावा अशी शंका घेतली जाते. गवंड्याकडून त्याच्या पायथ्याशी एक छिद्र पाडून घेतले की हा प्रश्न मिटतो.

घरातल्या टाकाऊ वस्तूंचे थोडक्यात सांगतो. पंधरा किलो तेलाच्या पत्र्याच्या डब्यात सोळा लिटरच्या आसपास माती मावते, पण पत्रा तापतो आणि गंजतो, म्हणून त्याला बाहेरून पांढरा ऑइल पेंट द्यावा आणि तो हिवाळी भाज्यांसाठीच वापरावा. संत्र्याची किंवा टमाटरची जुनी कॅरेट आतून बारदाना लावून घेतली तर पालक, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, यांच्यासाठी तिच्याइतकी सोयीची वस्तू नाही. दोनशे लिटरचा ड्रम आडवा कापला की दोन मोठी भांडी मिळतात. मात्र त्यात आधी काय भरलेले होते हे ठाऊक असल्याशिवाय तो घेऊ नये. कीटकनाशकाचे डबे, कॅन आणि बाटल्या कितीही धुतल्या तरी कुंडी म्हणून वापरू नयेत, खाण्याच्या झाडासाठी तर मुळीच नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तीच औषधे ज्या डब्यात होती त्यात मुलांसाठी टमाटर लावण्याची काटकसर नको.

मापाच्या बाबतीत लोक व्यास पाहतात आणि खोली विसरतात. बारा इंच रुंद आणि बारा इंच खोल सरळ भांड्यात सुमारे २२ लिटर माती मावते, दहा इंचीत १३ लिटरच्या आसपास, पंधरा इंचीत ४३ आणि अठरा इंचीत ७५. म्हणजे रुंदी-खोली दीडपट केली की माती सव्वातीन पटींपेक्षा जास्त होते. निमुळत्या कुंडीत हे आकडे बरेच कमी होतात. पालेभाज्यांना सहा ते आठ इंच खोली पुरते, तिथे रुंदी महत्त्वाची. मिरची, वांगे, टमाटर यांना बारा इंचांखाली जाऊ नये. भिवापुरी मिरची असो की साधी, दहा इंची कुंडीत ती झाडे जगतात, पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता माना टाकतात आणि फुले गाळतात. हळदीला, मग ती वायगावची असली तरी, बारा इंच खोली आणि शक्य तितकी रुंदी द्यावी, कारण तिचे कंद आडवे पसरतात. दोडका, कारले यांच्या वेलांना तीस ते चाळीस लिटर माती हवी. कढीपत्ता, ज्याला आपण गोडलिंब म्हणतो, आणि कागदी लिंबू यांना शेवटी अठरा इंची कुंडी किंवा अर्धा ड्रम लागतो, पण लहान रोप थेट तेवढ्या मोठ्या कुंडीत लावू नये. मुळे पोहोचत नाहीत तिथली माती पावसाळ्यात ओलीच राहते आणि आंबते. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांतून आणलेले संत्र्याचे कलम कुंडीत वाढवण्याचा हट्ट पुष्कळ जण धरतात. ते जगते, हौस म्हणून चालेल, पण संत्री खायची असतील तर ते जमिनीतच लावावे.

कुंडी स्लॅबवर ठेवायची असल्यास वजनाचा हिशेब करावा. ओली माती लिटरला साधारण दीड किलो धरली तरी बारा इंची कुंडी तेहतीस किलोंच्या घरात जाते आणि अर्धा ड्रम दीडशे किलोंच्या. ती भिंतीच्या किंवा तुळईच्या वर ठेवावी, स्लॅबच्या मध्यावर नको. कवेलूच्या किंवा टिनाच्या घरांना हा प्रश्न नसतो, पण टिनाच्या पागोळ्यांखाली ठेवलेल्या कुंडीतली माती पहिल्याच पावसात अर्धी वाहून जाते, हे लक्षात असू द्यावे.

छिद्रांविषयी एक जुनी समजूत सोडून द्यावी. बुडाला खडी किंवा विटांचे तुकडे भरले की पाणी लवकर निघते, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात मातीतले पाणी खडीच्या थरावर येऊन थबकते, खाली उतरत नाही, आणि ओला थर उलट मुळांच्या जवळ वर सरकतो. छिद्रावर एक खापरी पालथी घालणे पुरेसे आहे, तीही माती वाहू नये म्हणून. बारा इंची कुंडीला करंगळी जाईल एवढी चार-पाच छिद्रे असावीत आणि कुंडी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे बुडाखालून हवा खेळते आणि छिद्रे चिखलाने बुजत नाहीत. निव्वळ काळी माती कोणत्याच कुंडीत भरू नये. ती वाळली की आकसून भिंतीपासून सुटते, वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते आणि गोळा आतून कोरडाच राहतो. तिच्यात तितकेच शेणखत आणि तितकीच रेती किंवा धानाचे तूस मिसळावे. कुंडीखाली थाळी ठेवली असेल तर पावसाळ्यात ती काढून घ्यावी, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय आपणच करून ठेवतो. विटांवरची कुंडी हलवताना आधी काठीने ठोकून घ्यावे, तिच्याखालच्या गारव्याला विंचू हमखास येऊन बसतो.

खरेदीची वेळही साधावी. पावसाळ्यात कच्ची मडकी वाळत नसल्यामुळे कुंभाराचे काम थंडावते, आणि अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी घागरी-माठांबरोबर कुंड्यांचीही निवड भरपूर असते, तेव्हा मातीच्या कुंड्या त्याच सुमारास घेऊन ठेवाव्यात. नवी मातीची कुंडी कोरडी भरली तर रोपाला घातलेले पाणी आधी तिची भिंतच पिऊन टाकते. म्हणून ती लावणीच्या आदल्या दिवशी हौदात पूर्ण बुडवावी. भिंतीतून सुरुवातीला बारीक बुडबुडे निघत राहतात, ते थांबले की कुंडी भरायला तयार झाली असे समजावे.